आठ वर्षांनी पुन्हा डोंगर, तोही बर्फातला (केदारकंठा, उत्तराखंड, डिसेंबरचा पहिला आठवडा)

रंकाळाकर

मंडळी, मी इथं बरीच वर्षं वाचनमात्र. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

२०१६ च्या जुलैत पन्हाळा–पावनखिंड करताना म्हसाई पठारावर घसरलो. पठार ओळखीचं, वाट पायाखालची, पण जांभ्यावरचा ओला लाल चिखल कुणाची ओळख ठेवत नाही. डावा गुडघा आत वळला. ‘कट्’ असा आवाज आधी ऐकला, दुखायला मागनं लागलं. लिगामेंट. ऑपरेशन झालं, सहा महिने व्यायाम झाला, गुडघा बरा झाला. मी काही झालो नाही. जिना उतरताना कठडा धरायची सवय लागली ती लागलीच. ग्रुपमधली पोरं दर रविवारी विचारायची, मी दर रविवारी दुकानाचं कारण सांगायचो. मग त्यांनी विचारायचं सोडलं. सॅक माळ्यावर गेली आणि तिच्यात बायकोनं जुनी स्वेटरं भरली.

यंदा गणपतीचं मखर काढायला पोरगी माळ्यावर चढली आणि वरनंच ओरडली, “पप्पा, ही सॅक मला दे. मी डिसेंबरात बर्फात चाललोय.” तिच्या ऑफिसातल्यांचं केदारकंठा ठरलं होतं आणि त्यातले दोघं गळाले होते. मी खालनं शिडी धरून उभा. तोंडातनं कसं निघालं ठाऊक नाही, म्हटलं, सॅक मिळणार नाही, माणसासकट न्यायची असली तर ने.

पुढचे तीन महिने फक्त उतरायची प्रॅक्टिस केली. चढण्याची नव्हे. चढताना फक्त दम लागतो, गुडघा मोडतो तो उतरताना. वाघबीळपासून पन्हाळ्यावर चालत जायचं आणि न टेकता खाली यायचं. जोतिबाच्या पायऱ्या काठ्या घेऊन उतरायचो तर लोकांना वाटायचं नवस असेल. पहिल्या रविवारी मांड्या अशा भरून आल्या की दोन दिवस दुकानात गादीवरनं उठता येईना. नोव्हेंबरात, गुऱ्हाळं पेटली त्या सुमारास, एक दिवस अर्धा जिना उतरल्यावर ध्यानात आलं की हात कठड्यावर नाही, खिशात आहे.

प्रवासाचं फार सांगत नाही. डेहराडून ते सांकरी दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण दिवस जातो. मसुरी, पुरोला, मोरी. नैटवाडला रूपिन आणि सुपिन मिळून टोन्स होते, तिथं गाडी थांबवून चहा घेतला, पाण्याचा हिरवा रंग बघितला. सांकरीत उतरलो आणि मनातल्या मनात हिशेब केला. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचा माथा. सांकरी १९५० च्या आसपास. म्हणजे गाडीतनं पाय खाली ठेवला तोच मुळी कळसूबाईच्या वर.

पहिल्या दिवशी जुडा का तालाबपर्यंत. देवदार, खर्सू, पाइन, पायाखाली ओली पानं. बर्फ कुठं नाही, नुसती सावलीतल्या दगडांवर पांढरी बुरशी धरल्यागत. पोरगी कुरकुरायला लागली, “पैसे परत मागूया का?” तळ्याच्या कडेला पाण्याचा पापुद्रा गोठलेला. चार वाजता आभाळ खाली आलं, वारा पडला, आणि एकदम काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. आवाज कमी झाला होता. खेचरांच्या घंटा, स्वयंपाकाच्या तंबूतला स्टोव्ह, सगळं कुणी रजईखाली घातल्यासारखं. मग दिसलं.

माझ्या काळ्या हातमोज्यावर एक कण पडला. दिसेना नीट. खिशातनं चाळिशीचा चष्मा काढला, लावला, हात नाकाशी आणला. सहा टोकं! चित्रात काढतात तसा, अगदी बेतून काढलेला, प्रत्येक टोकाला बारीक फांद्या, हिरव्या बडीशेपेच्या झाडासारख्या. श्वास लागला आणि विरघळला. मग दुसरा. एक टोक मोडलेला. मग तिसरा. पंचावन्न वर्षांचा माणूस तंबूबाहेर चष्मा लावून स्वतःचा हात बघत अर्धा तास उभा होता. पोरीनं फोटो काढलाय, मी टाकणार नाही.

सकाळी वीतभर बर्फ. आता एक सांगतो, ते आपल्याकडच्या माणसालाच कळेल. ताज्या, कडक थंडीतल्या बर्फावर पहिलं पाऊल टाकलं की कर्र असा आवाज येतो. पाच-सहा पावलं टाकली आणि मी थांबलो, म्हटलं हा आवाज मी ऐकलाय. पापाच्या तिकटीवरनं आणलेली नवी कोरी वहाण! आमचे आजोबा नवी वहाण घालून बोळात शिरले की आम्ही पोरं अभ्यासाला बसायचो, तोच कर्रकर्र आवाज. तीन हजार मीटरवर आजोबा माझ्या पायाखाली चालत होते.

मी पूर्वी ग्रुपात कायम पुढं. आमच्यात मला ‘घोडा’ म्हणायचे. इथं सगळ्यात मागं, माझ्यामागं फक्त शेवटचा गाइड, पंचविशीतला गढवाली पोरगा. पहिल्या तासाला लाज वाटली. मग लाज वाटायला लागणारा दमही उरला नाही. आणि मागं चालण्यात एक गंमत आहे ती मला तीस वर्षांत कळली नव्हती. पुढच्या बाराजणांनी वाट मळलेली असते, तुम्ही नुसतं त्यांच्या खड्ड्यांत पाय ठेवत जायचं. कोण कुठं घसरलं, कोण थांबलं, कुणी वाट सोडून फोटोला गेलं, सगळं बर्फात लिहिलेलं. पोरीचा डावा पाय किंचित बाहेर पडतो, थेट तिच्या आईसारखा, ते मी तिथं पहिल्यांदा बघितलं.

माथ्याच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. बुटाला स्पाइक्स, डोक्याला टॉर्च. धारेवर पोचलो तेव्हा उजाडलं. समोर बंदरपूंछ, काला नाग आणि स्वर्गारोहिणी, पांडव जिथनं स्वर्गाला गेले म्हणतात ती. आधी शेंड्यावर तांबूस ठिपका, मग ती तांबूस कड खाली खाली उतरत आलेली. शेवटचा खडा चढ डोक्यावर दिसत होता, वर मुंग्यांसारखी माणसं. माथा ३८१० मीटर, मी अंदाजे शंभर मीटर खाली. गुडघ्यानं पहिल्यांदा हाक मारली. दुखणं नव्हे, नुसती हाक. गाइडनं घड्याळ बघितलं. “साब, ऊपर आपका एक घंटा. नीचे आपके तीन घंटे. एक बजे बादल आएगा.”

पोरीला म्हटलं तू जा. ती गेली. मी एका खडकावर सॅक टाकून बसलो, भडंगाची पुडी फोडली. भडंग असा गारठलेला की दातांखाली काचेसारखा वाजत होता. तिचं लाल जाकीट वर वर जाताना बघितलं, वर पोचून दोन्ही हात हलवले ते बघितलं. मग गाइडला म्हटलं, चल, उतरू. आणि त्या दिवशी बेस कॅम्पपर्यंतचा सगळा उतार मी उतरलो. काठ्या होत्याच, पण कुणाचा हात न धरता.

एवढंच सांगायचं होतं. लई मोठं झालं.

घाटमाथा_गगनबावडा

नाद खुळा, दादा! आपल्याला बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा, तोबी काला खट्टा. जायचं कसं ते सांगा की. आणि थंडी किती असती? आमच्याकडं पहाटे दहा-बारा झालं की शेकोटी पेटते.

रंकाळाकर

कोल्हापूर–निजामुद्दीन गाडी आहे, पण आठवड्यातनं एकदाच. तो दिवस जुळला नाही तर मिरजेतनं गोवा एक्सप्रेस. दिल्लीहून डेहराडूनला रात्रीची बस. पुरोल्यातच रोख पैसे काढून ठेव. थंडीचा ढोबळ हिशेब असा की हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंशानं पारा उतरतो. रात्री शून्याच्या बऱ्याच खाली. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, बर्फ वरच्या बाजूनं धरतो, म्हणजे सकाळी बूच तरी उघडतं. मोबाइल झोपायच्या पिशवीत पोटाशी. माझा चाळीस टक्के बॅटरी दाखवत दाखवत पटकन मेला. खिशात तापवल्यावर पुन्हा जिवंत झाला.

अनुस्वार

सुंदर लिहिलंय. आवाज कमी झाला ते खरंच होतं बरं का, मनाचे खेळ नाहीत. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, कणांच्या मधल्या पोकळ्यांत आवाज शोषला जातो. तोच बर्फ दोन दिवसांनी दबून कडक झाला की उलट आवाज परतवतो. आणि तुमची कर्रकर्र वहाण थंडी भरपूर असली तरच वाजते. बर्फ वितळायच्या बेतात असला की नुसता पचपच.

शंभर_गड_पूर्ण

लेख छान, पण स्पष्ट बोलतो. शंभर मीटर राहिले आणि परत? दोन हजार किलोमीटर जाऊन? मी रांगत गेलो असतो. माथा नाही म्हणजे ट्रेक अपुरा. रागावू नका.

रंकाळाकर

रागवत नाही. २०१६ सालचा मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं, वर दोन शिव्या जास्त. पण रांगत वर गेलो असतो तर खाली मला कुणीतरी आणावं लागलं असतं. गाइड पंचविशीचा, पन्नास-पंचावन्न किलोचा. माझं वजन विचारू नका.

सह्यवेडी

@शंभर_गड, अंधारात एका जखमी माणसाला रांगणा गडावरून खाली आणलंय का कधी? आम्ही आणलंय. घोटा मुरगळलेला, तीन तासांच्या वाटेला आठ लागले, टॉर्चचे सेल संपले, आणि तो माणूस सारखा म्हणत होता, “सॉरी, मला वाटलं जमेल.” तेही बर्फ नसताना. त्यांनी वळायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याकडे दिवस शिल्लक होता, पायात ताकद शिल्लक होती. मला लेखातला तोच भाग आवडला. (बडीशेपेचं झाडही आवडलं.)

नाडीपरीक्षा

गुडघ्याबद्दल धागाकर्त्यांचं बरोबर आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्या कामाची सवय फक्त उतरूनच होते. ट्रेडमिलवर चढ लावून होत नाही. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात तेही याचमुळे. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं, इथं वाचून नव्हे.

दुसरं, उंची. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असा साधारण दंडक आहे. या ट्रेकमध्ये तालाब २७७५ च्या आसपास आणि पुढचा कॅम्प ३४०० च्या जवळ, म्हणजे उडी थोडी मोठीच. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, ही लक्षणं लपवू नका. तरुण पोरं लपवतात. तोल जायला लागला, बडबड असंबद्ध झाली किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, खाली यायचं. अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी आहे, पण मित्राच्या डब्यातनं घेऊन खायची गोळी नाही.

आणि गॉगल! ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. ढगाळ आहे म्हणून काढू नका.

रंकाळाकर

डॉक्टर, डोकं दुखलं थोडं, बेस कॅम्पच्या रात्री. सांगितलं लगेच. गॉगलचं मात्र खरंय, आमच्यातला एक पोरगा हिरोगिरी करत फिरला, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत चोळत बसला.

धनगरवाडा

कपड्याचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. सुती बनियन घालून बर्फात जाऊ नका. चढताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, थांबलं की तेच गार. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आमचा आजा म्हसाईवर मेंढरं राखायचा, चार महिने पावसात, अंगावर एक घोंगडी. भिजायची, वजनाला मणाची व्हायची, पण खाली गडी गरम. आता तुम्ही त्याला मेरिनो म्हणून हजारोंनी विकत घेता. घ्या, चांगलीच असते. पण पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं एक घोंगडी पण घ्या.

घाटमाथा_गगनबावडा

@धनगरवाडा, एक नंबर! आज्याला दंडवत.

जास्वंद

एक प्रश्न, कुणी विचारत नाही म्हणून. बायकांच्या सोयीचं काय? मुलगी सोबत होती म्हणून विचारते. बर्फात तंबूचं संडास, पाळी आली तर काय, यावर कुणी बोलतच नाही. मी तेवढ्यासाठी दोनदा रद्द केलंय.

रंकाळाकर

ताई, रास्त प्रश्न. माझ्या तोंडून अर्धवट उत्तर नको. पोरीला सांगतो लिहायला.

पन्हाळा_पायथा

मी जरा वाकडं बोलतो. गेल्या वर्षी नाताळच्या आठवड्यात मी तिथंच होतो. माथ्यावर अक्षरशः रांग. नूडल्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, एकानं तर स्पीकर आणलेला. ते जंगल गोविंद राष्ट्रीय उद्यानातलं, आणि आम्ही त्याची रंकाळा चौपाटी केली. असले धागे वाचून आणखी दोनशे जण जाणार.

रंकाळाकर

बोललात ते खोटं नाही. पहिल्या आठवड्यात गर्दी बेताची होती, तरी खडकांमागं कचरा होताच. आमच्या ट्रेकवाल्यांनी प्रत्येकाला कमरेला बांधायची कचऱ्याची पिशवी दिली होती, ते चांगलं. गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पायाला वरनं बांधायचे) मात्र फाटके दिले, एका पायात पहिल्याच दिवशी बर्फ शिरला, तेव्हा आपले गेटर्स आपणच न्या. लोकांनी जाऊच नये असं मला म्हणवत नाही, मी स्वतः एवढा आनंद लुटून आलोय. नाताळ टाळा एवढं म्हणतो.

अनुस्वार

अवांतर: एवढ्या उंचीवर जेवणाचं काय? डाळ शिजते का?

रंकाळाकर

हा विषय पाहिजेच होता. पाणी तिथं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशालाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ दिवसभर ठेवली तरी टणक. कुकरशिवाय गत्यंतर नाही. आचाऱ्याची डाळ झकास, पण अळणी. मी घरची कांदा-लसूण चटणी नेली होती, चारशे ग्रॅमचा डबा. दुसऱ्या रात्री त्याला म्हटलं, एक चमचा घाल. त्यानं पंधरा माणसांच्या डाळीत तीन घातले, त्याला वाटलं गरम मसाला. पाच मिनिटांत तंबूतल्या सगळ्यांच्या नाका-डोळ्यांतनं पाणी. दिल्लीची एक मुलगी बाहेर जाऊन बर्फ खाऊन आली. तिसऱ्या रात्री सगळ्यांनी मागून घेतली. डबा आचाऱ्यानं ठेवून घेतलाय.

माळ्यावरची_सॅक

नमस्कार, मी ती पोरगी. आधी जास्वंदताईंना. संडासाचा तंबू असतो, खड्डा आणि वर माती टाकायची. रात्री एकटं जायचं नाही, तंबूतल्या दुसरीला उठवायचं, आम्ही तसं ठरवूनच ठेवलं होतं. माझी पाळी दुसऱ्याच दिवशी आली. कप वापरायची सवय घरी दोन-तीन महिने आधी करून गेलो होतो, त्यामुळं निभावलं. पॅड वापरणार असाल तर काळी जाड पिशवी न्या, सगळं परत आणायचं, तिथं पुरायचं नाही. ओले वाइप्स गोठतात, ते पण अंगाशी ठेवा. प्रमुख गाइडला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यानं काही विचारलं नाही, फक्त माझं सामान खेचरावर टाकलं. जाऊन या ताई. खरंच.

आता पप्पांबद्दल. त्यांनी सगळं खरं लिहिलंय, एक सोडून. तो चाळिशीचा चष्मा. त्या अर्ध्या तासानंतर तो कुणाला दिसलेला नाही. पुढचे तीन दिवस औषधांच्या पाकिटापासून बिस्किटाच्या तारखेपर्यंत सगळं मी वाचून दाखवत होतो.

सह्यवेडी

“गेलो होतो”, “दाखवत होतो”! अस्सल कोल्हापूरची मुलगी. :)

पन्हाळा_पायथा

म्हणजे धागाकर्त्यांनीही डोंगरावर कचरा टाकला म्हणायचं.

रंकाळाकर

टाकला नाही. तंबूच्या डाव्या बाजूला, तळ्याकडं तोंड करून, तिसऱ्या की चौथ्या देवदाराच्या बुंध्याशी ठेवला होता. वर वीतभर बर्फ पडला, त्याला मी काय करू? एप्रिलात बर्फ वितळतो म्हणतात. घरी विषय काढलाय.

माळ्यावरची_सॅक

मम्मी म्हणते, चष्मा दीडशे रुपयांचा होता.